अप्पांचं झाड आणि वन्संची खिडकी

माझ्या नणंदेनं आयुष्यात एकच गोष्ट मनापासून मागितली, ती म्हणजे खिडकी. दागिने नाहीत, घर नाही, नवरा नाही. नवऱ्याचा विषय तर अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या सासऱ्यांनी, कधीच निकालात काढला होता. फक्त खिडकी, आणि तीही स्वतःच्याच घरातली. पण तिच्यात रबराचं झाड उभं होतं.

मी त्यांना वन्सं म्हणते. बाकी सगळे ताई म्हणतात, अप्पासुद्धा. वन्सं रफू करतात. कोटाला कसर लागली, सिगारेटची ठिणगी पडून भोक पडलं, खिळ्याला अडकून बाही फाटली, की ड्रायक्लीनरवाला तो कपडा त्यांच्याकडे पाठवतो. त्या त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढतात आणि भोकाच्या जागी मूळ विणीला धरून नवं कापड विणतात, एक उभा धागा, एक आडवा. काम जमलं की ते कुणाला दिसत नाही. या धंद्यात शाबासकी म्हणून नसतेच. कुणी काही बोललं नाही म्हणजे काम चांगलं झालं. वन्संचा सगळा जन्मच असा गेला, असं मी एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाले, तर तो म्हणाला, "तू फार बोलतेस." बोलते. त्या घरात कुणीतरी बोलायला हवं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आतली खोली अप्पांची. तिला खिडकी आहे, पण ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल अशी. बाहेरची खोली म्हणायला वन्संची. म्हणायला अशासाठी की जेवणाचं टेबल तिथं, स्वयंपाकाचा ओटा तिथं, आल्यागेल्यानं बसायचं तिथं आणि वन्संची कॉटही तिथंच. या खोलीची खिडकी मात्र मोठी, रस्त्यावर उघडणारी. घरात उजेड यायचा तो तेवढ्या एका वाटेनं.

अप्पा निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना हे झाड दिलं. वीतभर होतं. अप्पांनी ते रिक्षात मांडीवर बसवून आणलं आणि खिडकीत ठेवलं. एखादा पाहुणा चार दिवसांसाठी म्हणून येतो आणि बघता बघता आपल्याला स्वतःच्या घरात कोपरा धरून बसावं लागतं, तसं झालं. झाडाच्या कुंड्या बदलत गेल्या. शेवटची कुंडी तर दोन माणसांनी उचलून वर आणली. शेंडा छताला लागला, मग वाकला आणि छताला धरून आडवा वाढू लागला. पानं जेवणाच्या ताटाएवढी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर नाक दिसेनासंच झालं होतं. भर दुपारी त्या खोलीत दिवा लावावा लागायचा. दर चार दिवसांनी वन्सं प्रत्येक पान ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसत, आणि अप्पा खुर्चीत बसून सांगत, "ते वरचं राहिलं."

अप्पा खाली उतरत नसत. एकदा ते जिन्यात घसरून बसले होते, हाड वगैरे काही मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चाला, जितकं चालाल तितकं चांगलं. पण अप्पांच्या गुडघ्यांनी डॉक्टरांचं ऐकलं नाही. "माझं आता खाली जाणं संपलं," त्यांनी जाहीर केलं. आणि ते संपलं म्हणजे वन्संचंही संपलं, कारण म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं ठेवायचं? भाजी आणायची, कपडे पोचवायचे आणि अप्पांच्या चहाच्या आत घरी. जरा उशीर झाला की अप्पा बाहेर येऊन कठड्याला धरून उभे राहत आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "आमची ताई दिसली का?" सगळी इमारत वन्संना शोधायला लागायची. मग वन्सं धावत वर येत, धापा टाकत, जणू काही चोरी करून आल्या आहेत.

मी चिडायचे. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे, मी येऊन-जाऊन होते. वन्सं म्हणायच्या, "असू दे गं वहिनी." हे चार शब्द त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलेत की कुणी झोपेतून उठवून म्हटले तरी मला राग येईल.

एक दिवस ड्रायक्लीनरवाला स्वतः तीन मजले चढून आला. हातात एक कोट. मी तिथंच होते. घरात दिसेना म्हणून त्यानं वन्संना बाहेर जिन्याच्या उजेडात नेलं आणि कोटाची बाही पुढे धरली.

"ताई, दिसतंय."

वन्संनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. राखाडी कोटावर निळसर डाग दिसत होता, करंगळीच्या नखाएवढा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्यांनी दुसऱ्याच कपड्याचा धागा या कपड्यात विणला होता. राखाडी आणि निळा, त्यांना दोन्ही सारखेच दिसले होते.

माणूस भला होता. खाली बघत म्हणाला, "गिऱ्हाइकानं दाखवलं म्हणून सांगतो. असं झालेला हा दुसरा कपडा आहे, ताई. पहिल्या वेळी मी बोललो नाही. आता पुन्हा झालं तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. माझाही इलाज नाही."

तो गेल्यावर वन्सं कोट मांडीवर घेऊन कॉटवर बसल्या. आवाज नाही, काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. त्या घरात त्यांचं स्वतःचं असं एवढं एकच होतं, हे काम. ते गेलं असतं तर उरल्या असत्या त्या फक्त अप्पांची ताई.

मी तरातरा आतल्या खोलीत गेले. "अप्पा, एक तर ते झाड काढा, नाही तर भिंतीला दुसरी खिडकी पाडा."

मला वाटलं आता महाभारत होणार. पण अप्पा शांतपणे म्हणाले, "मीही तेच म्हणणार होतो. छताला लागून त्याचा कोंब मोडतो. वाढ खुंटलीय त्याची. जीव आहे तो, असा चार भिंतींत कोंडून ठेवणं काही बरं नाही. त्याला चांगलं घर बघायला हवं."

वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला अप्पांचा त्या क्षणी इतका राग आला की मी पाणी प्यायला ओट्याकडे गेले आणि दोन पेले प्याले.

माझ्या नवऱ्यानं फोनवर जाहिरात टाकली. फुकट द्यायचं नाही, असं अप्पांनी बजावलं होतं. फुकट मिळालेल्या वस्तूची कुणाला किंमत नसते म्हणे. लोक येऊ लागले. आणि मग सुरू झाला तो तमाशा. झाड विकत होतो की लेक देत होतो, देव जाणे!

पहिला आला तो एका हॉटेलचा मॅनेजर. त्याला ते दर्शनी दालनात ठेवायचं होतं. अप्पा म्हणाले, "तिथं दिवसभर थंड हवा सोडता ना? नको." नंतर एक नवराबायको आले, नुकतंच लग्न झालेले, हसतखिदळत. अप्पांनी त्यांना दोन प्रश्न विचारले आणि ते गेल्यावर म्हणाले, "यांचं चार महिन्यांत भांडण होणार, पाणी कोण घालणार मग?" एका दातांच्या डॉक्टरला तर त्याच्या धंद्यापायीच नकार. "उपटण्याची सवय असलेला माणूस," अप्पा म्हणाले, आणि हा विनोद नव्हता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण इथं विघ्नकर्ते खुद्द घरचेच.

मला हे सगळं ओळखीचं वाटत होतं. सासूबाई होत्या तेव्हा एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी मला सांगितलं होतं, वन्संना तीन चांगली स्थळं आली होती. एकाचं अक्षर वाईट म्हणून अप्पांनी नाकारलं. एक फार भरभर चालतो म्हणून. तिसऱ्यात काहीच खोट निघेना, तेव्हा त्याची आई खोकते हे कारण निघालं. वन्संना कुणी विचारलं नाही. वन्संही काही बोलल्या नाहीत. चौथं स्थळ आलंच नाही.

दरम्यान वन्सं तो कोट घेऊन दिवसातून दोनदा जिन्यात जाऊन बसत होत्या. येणारेजाणारे त्यांना ओलांडून जात. अप्पा आतून हाक मारत, "ताई, कुठे गेलीस?"

मग आल्या बाइंडरबाई. पुस्तकबांधणीचा कारखाना चालवणाऱ्या, माझ्याच वयाच्या, हाताला खळ लागलेली, केस वर कसेतरी बांधलेले. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. झाडासमोर उभ्या राहून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "हे उजेड अडवतं का?"

अप्पांचा चेहरा पडला. ते काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "पूर्ण अडवतं."

"मग मला हवं," बाई म्हणाल्या.

त्यांच्या कारखान्याला तीन उंच खिडक्या होत्या. त्यांतल्या पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी ऊन येऊन बांधलेल्या पुस्तकांच्या कापडाचा रंग उडायचा. पडदे लावून झाले होते, ते खळीनं आणि धुळीनं दोन महिन्यांत खराब होत. आमच्या घरी जो त्या झाडाचा गुन्हा होता, तोच तिथं त्याचा गुण. अप्पांनी त्यांना पाणी किती, खत कधी, वारा कुठला चालत नाही, हे सगळं सांगायला सुरुवात केली आणि थांबेचनात. बाइंडरबाईंनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं आणि मग सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. अप्पा विरघळले. आजवर त्यांचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. आम्ही तर नाहीच.

"पण माझी एक अट आहे," अप्पा म्हणाले. "माझं माणूस आठवड्यातून एकदा येऊन त्याला बघून जाईल."

त्यांचं माणूस म्हणजे कोण, हे सांगायला नकोच.

बाइंडरबाईंनी वन्संकडे बघितलं, मांडीवरच्या कोटाकडे बघितलं. "येऊ दे की. पण येताना हे काम घेऊन या, बाई. नुसतं बसलेलं माणूस मला चालत नाही."

झाड नेलं त्या दिवशी दोन हमाल आले. ज्या दारातून ते मांडीवर आलं होतं, त्या दारातून ते आता जाईना. फांद्या चादरींत गुंडाळून बांधल्या, झाड आडवं केलं, तिरकं केलं. एक पान मोडलं आणि पांढरा चीक पायऱ्यांवर ठिबकत गेला. अप्पा वर कठड्याशी उभे राहून ओरडत होते, "सांभाळून! शेंडा सांभाळा!" आणि रडत होते. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. आता हे खोटं रडणं होतं असं मी म्हणणार नाही. खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

खोलीत परत आलो, तर खोली दुसरीच. भिंतीचा रंग फिका हिरवा आहे, हे मला लग्न होऊन इतक्या वर्षांनी कळलं. वन्संनी टेबल ओढत ओढत खिडकीपाशी नेलं, कोट घेतला, बाही उलटी केली. आणि मोठ्यानं हसल्या. "वहिनी, अगं हा तर ढळढळीत निळा आहे!" जुनी वीण उसवून त्या कामाला बसल्या. मी चहा केला, तो समोर ठेवला, तो निवून गेला तरी त्यांना पत्ता नव्हता. मी मुकाट्यानं दुसरा करायला ठेवला.

दुसरा चहा होईपर्यंत अप्पांची काठी टकटक करत बाहेर आली. "ताई, माझी खुर्ची जरा इकडे घे. बरं झालं, आता रस्ता दिसतोय."

खुर्ची कुठे घ्यायची, हे उघड होतं. खिडकी एकच होती.

"अप्पा," मी म्हणाले, "त्यांचं काम चाललंय तिथं."

"काम काय, ती दिव्यातही करते. मी म्हातारा माणूस, मला बाहेर जाता येत नाही. दिवसभर भिंत बघू?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात वन्संनी टेबलाखालून माझा हात दाबला. उठल्या. टेबल मागे ओढलं, खुर्ची पुढे आणली, खुर्चीवर उशी ठेवली. अप्पा ऐसपैस बसले. कोटाच्या बाहीवर त्यांच्या डोक्याची सावली पडली. झाडाला निदान पानांमधून फटी तरी होत्या.

"असू दे गं वहिनी," वन्सं मला जिन्यात म्हणाल्या. मी तशीच घरी गेले.

पुढच्या आठवड्यात त्या पहिल्यांदा कारखान्यात गेल्या, पिशवीत कोट घेऊन. झाडानं दोन पानं गाळली होती. जागा बदलली की रबराचं झाड पानं गाळतंच, पण अप्पा घाबरले. "परवा पुन्हा जाऊन बघ," म्हणाले. परवा आणखी एक गळलं होतं. मग अप्पा दिवसाआड पाठवू लागले, मग रोज. आणि तिथं काय होतं? उत्तरेची खिडकी होती. दिवसभर सारखा, शांत उजेड. बाइंडरबाईंनी एक टेबल मोकळं करून दिलं होतं. त्या पुस्तकं शिवत, वन्सं कोट शिवत, दोघींच्या हातात सुई. मी एकदा बघायला गेले तर वन्सं कसलीशी गोष्ट सांगत होत्या आणि बाइंडरबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. मला पहिल्यांदा वाटलं, मी चुकीच्या दारात आले. ड्रायक्लीनरवाला तर आता भारी कपडेही पाठवू लागला होता.

घोडं अडलं ते झाडापाशीच. झाड बरं झालं. नुसतं बरं नाही, त्यानं लाल कोंब काढला, मग दुसरा. उंच छत मिळाल्यावर वाकलेला शेंडा सरळ होऊ लागला. हे घरी सांगितलं असतं, तर अप्पा म्हणाले असते, वा, छान, आता आठवड्यातून एकदा जा. पुढे तेही बंद. म्हणून वन्संनी आयुष्यातलं पहिलं खोटं सांगितलं. म्हणाल्या, "अजून एक पान गळलं, अप्पा."

"कुठंय? आण बघू."

आता आली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी वन्संनी खालच्या फांदीचं एक पान तोडलं आणि चीक पुसून घरी आणलं. मग आणखी एक. अप्पा ती पानं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवत आणि त्यांच्याकडे बघत बसत. तिकडे बाइंडरबाई विचारत, "बाई, तुम्ही माझं झाड ओरबाडताय का हो?" वन्संना वाटलं होतं, असंच चालेल. पण अप्पांचं जेवण कमी झालं. झोप उडाली. आणि एका सकाळी ते म्हणाले, "ते मरतंय तिथं. पैसे परत करा, झाड परत आणा. आजच."

वन्सं माझ्याकडे आल्या. कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळी, न सांगता, हे आजवर कधी झालं नव्हतं. दारातच चपलांच्या फळीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. पानांचं ऐकून मी हसत सुटले. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू जिरलं.

"वहिनी, मी अडकले गं. खरं सांगितलं तर माझं जाणं बंद. नाही सांगितलं तर झाड परत येणार, म्हणजे खिडकीही गेली आणि कारखानाही गेला. मी कुठं जाऊ?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभी पन्नाशी उलटलेली बाई, चपलांवर बसून. मी म्हणाले, मी बोलते अप्पांशी. त्या म्हणाल्या, नको. मी म्हणाले, मग सांगताना हळूहळू बरं वाटू दे झाडाला, रोज एक पान फुटू दे. हे त्यांना पटलं. आम्ही दोघी अप्पांना समजवायला म्हणून निघालो.

अप्पा तिसऱ्या मजल्यावर, दाराबाहेर, बूट घालून उभे होते. "टॅक्सी बोलवा," म्हणाले. "मी स्वतः बघतो."

आणि उतरले. कठडा धरून, पण न थांबता, तिन्ही मजले. काठी घ्यायला विसरले होते. ती वन्संच्या हातात होती. मी मागून चालत होते आणि प्रत्येक पायरीला माझा संताप चढत होता. वन्सं फक्त अप्पांच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. पहिल्या मजल्यावर एका शेजारणीनं दार उघडलं आणि ती तशीच उघड्या तोंडानं उभी राहिली.

कारखान्याला जिना नव्हता, रस्त्यावरूनच आत. अप्पा आत शिरले आणि थबकले. झाड पश्चिमेच्या खिडकीत ताठ उभं होतं, वर अजून दोन पुरुष उंचीची जागा शिल्लक. नवी पानं तकतकत होती. अप्पा जवळ गेले, पानं कुरवाळली, कितीतरी वेळ. मग वाकून त्यांनी खालच्या फांद्या बघितल्या. जिथून पानं गेली होती तिथं सुकलेल्या चिकाचे ठिपके होते. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही गळलेली नाहीत. तोडलीत."

बाइंडरबाईंनी हातातला दोरा दातानं तोडला आणि दुसरीकडे बघितलं. अप्पांनी मान वळवली. उत्तरेच्या खिडकीतलं टेबल त्यांना दिसलं. त्यावर वन्संचा चष्म्याचा डबा, बोटातलं अंगुस्तान, रफू होत आलेला काळा कोट. खुर्चीच्या पाठीवर वन्संची शाल. अप्पा काही मूर्ख नाहीत. मी त्यांना खूप काही म्हणते, पण मूर्ख कधीच म्हणत नाही.

"मला खोटं सांगितलंस," ते म्हणाले.

"हो."

"का?"

"खरं सांगितलं असतं, तर पाठवलं असतंत?"

अप्पा त्या टेबलापाशी गेले. कोट उचलून उजेडात धरला, उलटसुलट केला. भोक कुठे होतं ते शोधू लागले, त्यांना सापडेना. मग ते वन्संच्या खुर्चीत बसले, खिडकीबाहेर बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. मला वाटलं, समजलं यांना. खरंच वाटलं. क्षणभर मी त्यांना मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं.

"जागा छान आहे," अप्पा म्हणाले. "उजेड आहे. झाडही डोळ्यांसमोर. ताई, असं करू. उद्यापासून मीही येतो रोज. सकाळी टॅक्सीनं बरोबरच येऊ, बरोबरच जाऊ. माझी खुर्ची इथं मागवून घेऊ, खिडकीत. तुझं टेबल जरा मागे सरकव."

बोलता बोलता त्यांनी हातानं टेबल थोडं सरकवलंही.

वन्संनी पिशवी खाली ठेवली. पुढे झाल्या, टेबल धरलं आणि होतं तिथं परत ओढलं.

"नाही, अप्पा."

आवाज नेहमीचाच. चहा हवा का, हे त्या ज्या आवाजात विचारतात तोच. अप्पांनी इकडेतिकडे बघितलं, जणू दुसरंच कुणी बोललं.

"काय?"

"तुम्ही इथं यायचं नाही. तुमचे गुडघे चांगले आहेत. बागेत जा, बाजारात जा, जुन्या मित्रांकडे जा. सगळं गाव पडलंय. झाड बघावंसं वाटलं की मी सुट्टीच्या दिवशी घेऊन येईन. पण कामाच्या वेळी इथं फक्त मी." मग क्षणभर थांबून, "ती खुर्ची माझी आहे. उठा."

मी आजवर पुष्कळ बोललेय, पण असं एक वाक्य मला कधी जमलं नव्हतं. बाइंडरबाई कामात डोकं घालून बसल्या. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं असेल, सून तरी मध्ये पडेल. मी मूग गिळून उभी राहिले. शेवटी ते उठले. वन्संनी काठी त्यांच्या हातात दिली, बसल्या, चष्मा घातला आणि काळा कोट पुढे ओढला. सुईत दोरा ओवायला मात्र त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

अप्पांना मी घरी घेऊन निघाले. टॅक्सीत ते ताठ बसले होते. दोन्ही हात काठीवर, नजर समोर.

"ती मला नाही म्हणाली," ते म्हणाले.

"हो."

"यापूर्वी कधी म्हणाली नव्हती."

"तुम्ही कधी विचारलं होतंत, अप्पा?"

त्यांना आठवायचं होतं. घर येईपर्यंत ते आठवत बसले.